पडद्यावरची अंकलिपी

आपल्यापैकी बहुतेकांची अक्षरओळख झाली ती पातळशा अंकलिपीतून. एका चौकोनात एक अक्षर आणि शेजारी त्याचे चित्र. अ अननसाचा, ब बदकाचा. कुठे पाहायचे, हे वाचता न येणाऱ्या मुलालाही सांगावे लागत नसे. ती मांडणी म्हणजे अर्धा मास्तरच होता. आज तीच अक्षरे मोबाइलच्या आणि टॅब्लेटच्या पडद्यावर आली आहेत आणि सीमाभागातील खेड्यापाड्यांतली मुलेही त्यावर बोटे फिरवीत आहेत. मग हा पडदा दिसतो कसा, हा प्रश्न नुसत्या सजावटीचा आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही.

परवा एका परिचितांच्या घरी पहिलीतली मुलगी अक्षरांचा असाच एक खेळ खेळत होती. पडद्यावर आठ-दहा बटणे, लुकलुकणारे तारे आणि कोपऱ्यात इंग्रजीतील सूचना. उत्तर तिला येत होते. पुढे जायला कुठे दाबायचे, तेवढे कळेना. चार वेळा चुकल्यावर 'मला नाही येत' म्हणून तिने तो बाजूला ठेवला. चूक मांडणीची होती. शिक्का मात्र पोरीने स्वतःवर मारून घेतला.

हे टाळता येते. अमेरिकेत २०१४ साली आलेल्या 'स्क्रॅच ज्युनियर'चे उदाहरण पाहा. टफ्ट्स विद्यापीठातील मरीना बर्स, एमआयटीतील मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ते तयार केले. २००७ सालच्या मूळ 'स्क्रॅच'मध्ये आज्ञांच्या ठोकळ्यांवर शब्द होते. 'ज्युनियर'मध्ये त्यांच्या जागी चित्रे आली. हालचालीचे ठोकळे निळे, आवाजाचे हिरवे. ते एकमेकांत बसतात डावीकडून उजवीकडे, आपण ओळ वाचतो तसे. हिरवा झेंडा दाबला की पडद्यावरचे मांजर चालू लागते. कोणता ठोकळा कुठे बसेल, हे त्याच्या आकारावरूनच कळते.

पण मराठी मुलाला चांगली चित्रे एवढ्यानेच भागत नाही. अक्षरही नीट हवे. संगणकात मराठी आणि हिंदी अक्षरांचा युनिकोड क्रमांक एकच. वळण ठरते ते फॉन्टवरून. फॉन्ट हिंदी वळणाचा घेतला की पुस्तकातला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा, पडद्यावरचा वेगळा. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. तोच साचा मराठीच्या नावाने पुढे केला की बाळातला ळ बेपत्ता! 'आचाऱ्यांना' लिहायचे तेथे 'आचार्यांना' उमटले, तर स्वयंपाकघरातले गृहस्थ थेट गुरुपीठावर जाऊन बसतात. बटणाची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने ठेवली की वरचे टिंब नाही तर खालचा उकार कापला जातो. मग आजी नातवाला 'मांडीवर' न घेता 'माडीवर' घेते. मोठे माणूस हसून सोडून देईल. शिकणारे मूल तेच खरे मानील.

पुण्याच्या मुलाचे चुकलेले अक्षर रस्त्यावरची पाटीही दुरुस्त करते. आमच्याकडे बसवरची पाटी कन्नड, कचेरीतला कागद कन्नड. कन्नडशी आमचे वैर नाही. आमच्या मुलांनी तीही उत्तम शिकावी. पण मराठी अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढे येते ते मोजक्या ठिकाणी, आणि हा पडदा आता त्यांपैकी एक झाला आहे. तेथेच ते मोडके दिसले, तर आपली भाषा अशी ठिगळाचीच असते, असा समज मुलाच्या मनात लहानपणीच रुजेल. ते नुकसान कोणत्या परीक्षेत भरून निघणार?

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी असे काही मुलांच्या हाती देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. वाचता न येणाऱ्या मुलाला पुढचे बटण सापडते काय? चुकल्यास मागे फिरण्याची वाट दिसते काय? ल, श, ळ आणि 'दऱ्या'तला र नीट उमटतो काय? टिंबे, उकार शाबूत आहेत काय? नसतील, तर बनवणाऱ्याला मराठीतच तसे लिहून कळवावे.

अंकलिपी घेताना आपले आजोबा दुकानातच पाने उलटून पाहत. पडद्याचीही पाने आपण उलटून पाहू या.