पडलेल्या वृक्षांची रणभूमि

स्मारकाचा दगड दिसला कीं, ‘येथेंच तें घडलें’ असें आपण निःशंकपणें म्हणतों. परंतु दगडाचीही जागा कधीं कधीं चुकते. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, मॉमी नदीच्या कांठीं, ‘फॉलन टिंबर्स’ म्हणजे ‘पडलेले वृक्ष’ या नांवाची रणभूमि आहे. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इ. स. १७८३ च्या तहानें इंग्लंडनें ओहायो नदीच्या उत्तरेकडील विस्तीर्ण मुलूख नव्या अमेरिकन राष्ट्रास देऊन टाकिला. मात्र त्या भूमींत राहणाऱ्या मायामी, शॉनी, डेलावेअर इत्यादि मूळ जमातींस कोणींच विचारिलें नाहीं. त्यांनीं एकजुटीनें शस्त्र धरिलें, व १७९१ सालीं सेनापति सेंट क्लेअर याच्या फौजेंतील ६०० हून अधिक लोक एका सकाळींच ठार केले. तेव्हां अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं अँथनी वेन या सेनापतीची योजना केली. त्यानें घाई न करितां सुमारें दोन वर्षें सैन्यास शिक्षण दिलें.

ता. २० ऑगस्ट १७९४ रोजीं, वादळानें उन्मळून पडलेल्या झाडांच्या आड मूळ रहिवाशांचे योद्धे दबा धरून बसले होते. लढाईपूर्वीं उपवास करण्याची त्यांची चाल होती. वेनच्या येण्यास विलंब झाल्यामुळें त्यांतील पुष्कळजण अन्नासाठीं दूर गेले होते. अशा वेळीं वेनचे सुमारें ३,००० लोक चालून आले, आणि संगिनींच्या माऱ्यापुढें थोड्या वेळांतच योद्ध्यांची फळी मोडली. ते जवळच्या मायामिस किल्ल्याकडे धांवले. किल्ला इंग्रजांचा, व इंग्रज त्यांचे मित्र म्हणविणारे. परंतु अमेरिकेशीं उघड युद्ध नको म्हणून किल्लेदारानें दरवाजा उघडला नाहीं. पुढील वर्षीं ग्रीनव्हिल येथील तहानें त्या जमातींस आजच्या ओहायोचा फार मोठा भाग सोडून द्यावा लागला.

नदीकांठच्या टेकाडावर १९२९ सालीं वेनचें स्मारक उभारिलें गेलें. लढाई त्याच्या पायथ्याच्या सखल भागांत झाली, असें लोक समजत. परंतु १९९५ सालीं संशोधकांनीं तेथून कांहींशा अंतरावरील उंच शेतांत धातुशोधक यंत्रें फिरविलीं, तों मातींतून बंदुकीच्या गोळ्या व गणवेषांचीं बटणें निघालीं. खरी रणभूमि नांगराखालीं गुपचूप पडून होती! १९९९ सालीं ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, व २०१५ सालीं तेथील उद्यान लोकांस खुलें झालें.

आज तेथें जाणाऱ्यानें केवळ पुतळा पाहून परतूं नये. त्यानें त्या झाडींतील पाऊलवाटेनें चालावें, नंतर किल्ल्याच्या मातीच्या बुरुजांशीं क्षणभर उभें राहावें, व त्या बंद दरवाजाचें स्मरण करावें. जिंकणाऱ्याची कथा दगडावर कोरली जाते. हरणाऱ्याची बहुधा मातींत राहते. मुलांनो, इतिहास वाचतांना दगड अवश्य पाहा, पण मातीसही विचारावयास विसरूं नका.