आपत्तीपूर्वीची घरची तयारी

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम भागात, परंडा तालुक्यात सोनारी हे गाव वसले आहे. काळभैरवनाथाचे देवस्थान म्हणून ते सर्वदूर परिचित आहे. या परिसरात आपत्ती म्हटली की पूर्वापार एकच चित्र डोळ्यांसमोर येत असे, ते दुष्काळाचे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुन्या पिढीने जपून ठेवल्या आहेत. पाण्याची साठवण, कडब्याची गंज आणि कणगीतील धान्य ही घराघरांतील तयारी त्या अनुभवातूनच आलेली आहे. परंतु भूकंप आणि महापूर ही संकटे या भूमीची नव्हेत, असा जो समज होता, तो दोन घटनांनी खोटा ठरविला.

पहिली घटना ३० सप्टेंबर १९९३ ची. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमाभागाला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. सोनारीपासून शंभरएक किलोमीटर अंतरावरील किल्लारी, सास्तूर आणि त्यांच्या आसपासची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दुसरी घटना सप्टेंबर २०२५ ची. अतिवृष्टीमुळे परंडा आणि भूम तालुक्यांतील अनेक गावे पाण्याने वेढली गेली आणि अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली.

या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शासकीय मदत कितीही तत्परतेने निघाली, तरी पहिले काही तास घरातील माणसांचे आणि शेजाऱ्यांचेच असतात. त्या तासांत काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे लागते.

घराची बांधणी

१९९३ च्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ इतकी होती. याहून मोठे भूकंप जगात अनेक झाले आहेत. मग येथे एवढी प्राणहानी का व्हावी? याचे उत्तर घरांच्या बांधणीत सापडते. दगडमातीच्या जाड भिंतींना बाहेरून व आतून दगडांचे दोन थर असत आणि मधल्या पोकळीत माती व लहान दगडांची भर घातलेली असे. हे दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर मातीचे माळवद असे. ते गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर चढविला जाई. अशा प्रकारे वर्षानुवर्षे छताचे वजन वाढत गेले. धक्का बसताच भिंतीचे थर विलग झाले आणि तो सारा भार निजलेल्या माणसांवर कोसळला. छत लाकडी खांबांवर तोललेले होते, तेथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. हलक्या छपराच्या झोपड्यांत हानी तुलनेने कमी झाली.

म्हणून ज्यांच्या घरावर आजही माळवद आहे, त्यांनी नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरके आधार ठोकावेत. जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने भिंतींत आरपार बांधणीचे दुवे घालून घ्यावेत. नवे घर बांधताना पाया, दारे-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छताखाली सलग सळईचा पट्टा घेण्यास विसरू नये. एवढेही शक्य नसेल, त्यांनी किमान झोपण्याची जागा बदलावी. फळीवरील जड भांडी आणि उतरंड यांखाली अंथरूण घालू नये.

किल्लारी परिसरात १९९२ पासूनच लहान धक्के जाणवत होते. त्या काळी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा गणला जाई. नकाशावर धोका कमी दाखविला म्हणून घरची दक्षता सोडू नये, हा त्यातील बोध होय.

पूर आणि वीज

पुराची चाहूल काही वेळ आधी लागते. हाच वेळ उपयोगी पडतो. नदी-ओढ्याकाठच्या कुटुंबांनी उंचावरील शाळा, मंदिर किंवा नातलगाचे घर आधीच निश्चित करावे. घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर काढावा आणि जनावरांचे दावे सोडावे. बांधलेले जनावर पाण्यात हमखास दगावते. गुडघाभर वाहत्या पाण्यातही माणसाचा तोल जातो. म्हणून पाण्याखाली गेलेला फरशी पूल पायी वा वाहनाने ओलांडण्याचे धाडस करू नये. पुरानंतर घरात सापांचा वावर आढळतो. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळूही नये. तो अवयव न हलविता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्याच्या आरंभी व परतीच्या पावसात शेतावरील माणसांना विजेचा मोठा धोका असतो. गडगडाट ऐकू येताच एकाकी झाडाखालून दूर होऊन पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

घरातील पिशवी

प्रत्येक घरात एक मजबूत पिशवी दाराजवळ टांगलेली असावी. शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक व सातबारा उतारा यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवाव्यात. आणखी एक संच परगावच्या नातलगाकडे द्यावा. विजेरी, आगपेटी, थोडी रोकड, नित्याची औषधे, जखम बांधण्याचे साहित्य, चटणी-भाकरीऐवजी टिकणारे शेंगदाणे, गूळ व फुटाणे हे तीत असावे. पिण्यासाठी माणशी रोज ३ लिटर याप्रमाणे पाच जणांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी ४५ लिटर पाणी लागते. पुरानंतर विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा मिसळून ते वारंवार पाजावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा तातडीच्या मदतीचा आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक भिंतीवर ठळक लिहावा.

घरात कोणी काय करावयाचे, हेही वाटून द्यावे. वृद्धांना कोण धरेल, तान्ह्या मुलास कोण उचलेल, पिशवी कोण घेईल आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, हे लहान मुलांनाही तोंडपाठ असावे.

ग्रामपंचायत व शाळा

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा पातळीवर प्राधिकरणाची रचना झाली आहे. तथापि तिचे अंतिम टोक गावातच आहे. १ मे च्या ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वी हा विषय घेता येईल. पाण्याखाली जाणारी घरे, एकटे राहणारे वृद्ध, अपंग व्यक्ती आणि गरोदर स्त्रिया यांची यादी त्या वेळी तयार करावी. पट्टीचे पोहणारे तरुण, ट्रॅक्टरधारक, दोर व बॅटरी असलेले ग्रामस्थ यांची नावे तिला जोडावीत. सोनारीसारख्या यात्रेच्या गावात गर्दीच्या काळातील बाहेर पडण्याचे मार्गही मोकळे राखणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांकडून सराव करून घ्यावा आणि घरच्या पिशवीत काय आहे, हे त्यांना लिहून आणावयास सांगावे. मुलाने विचारलेला प्रश्न घरात टाळता येत नाही. त्या निमित्ताने अनेक घरांत ती पिशवी प्रथमच भरली जाईल.