गव्हाविना वर्ष

माळव्याच्या गव्हाची थोरवी आपण इंदूरकर मोठ्या अभिमानाने सांगत असतो. पिढ्यान्‌पिढ्या येथे रुजलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत भाकरी केव्हाच पाहुणी झाली आणि पोळी घरधनीण. त्यामुळे चार वर्षांपूर्वी आमच्या चौदा वर्षांच्या कन्येला सीलिअ‍ॅक विकार असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा सौभाग्यवतीचा पहिला प्रश्न होता, “मग हिला डब्यात देऊ तरी काय?”

वैद्यकी करीत असूनही हे निदान मला दोन वर्षे सुचले नाही, याची कबुली प्रथम देतो. मुलीचे हिमोग्लोबिन वाढेना. मी लोहाच्या गोळ्या बदलत राहिलो. लोहाचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते आणि या विकारात सर्वाधिक इजा नेमकी तेथेच होते, हे पाठ असूनही आठवले नाही. अखेर एका तरुण सहकाऱ्याने ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची तपासणी सुचविली. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात आतड्याचे अंकुर सपाट झालेले दिसले.

या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध सिद्ध केला तो नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तेथे पाव दुर्मिळ झाला, तेव्हा हे रुग्णबालक सुधारले. पाव परतताच पुन्हा ढासळले. १९५० च्या प्रबंधात त्यांनी आपले संशोधन मांडले. आजही उपचार तोच आहे: गहू, जव व राय आजन्म वर्ज्य.

पथ्य सुरू झाल्यावर आठवडाभरातच पोटाचा फुगारा ओसरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला; पण तिसऱ्या आठवड्यात दूध प्यायले की पोट बिघडू लागले. कारण साधे होते. दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज अंकुरांच्या पृष्ठभागावर असते. अंकुर वाढेपर्यंत ते अपुरेच पडते. काही आठवडे दूध थांबविले, दही थोडे थोडे सुरू ठेवले आणि तक्रार मिटली.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा पोटदुखी, पुन्हा जुलाब. लेक रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, मी काहीच चोरून खाल्लं नाही हो!” ते खरेच होते. चोर निघाले दोन. तांदळाचे पीठ गव्हामागोमाग त्याच गिरणीतून दळून येत होते आणि डबीतल्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले होते. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावे, असा आपल्याकडील नियम आहे. यावरून कणभर पिठाचे महत्त्व ध्यानी यावे. घरगुती गिरणी आणली, पोळपाट-लाटणे वेगळे केले. ज्वारी, नाचणी, राजगिरा मानाने घरी परतले.

वर्षअखेर प्रतिपिंडे जवळजवळ पूर्वपदावर आली, हिमोग्लोबिन बारापर्यंत चढले आणि दूधही पचू लागले. लक्षणे आठवड्यांत शमतात, आतडे मात्र महिन्यांनी भरून येते. प्रौढांत दोन वर्षे वा अधिकही लागतात. ही मुदत रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितली नाही, तर बरे वाटताच पथ्य सुटते किंवा पहिल्या अडथळ्यालाच धीर खचतो.

व्यवसायबंधूंना दोन विनंत्या. गोळ्यांनी न हटणारा पंडुरोग दिसला, तर या विकाराची आठवण ठेवावी; आणि तपासणी पुरी होण्याआधी गहू बंद करू नये, नाहीतर निदान हुकते. रुग्णाचे आईवडील व भावंडे यांचीही तपासणी करावी. आमच्या घरी ती झाली. धाकट्या चिरंजीवांची प्रतिपिंडे वाढलेली निघाली. त्याला कसलाच त्रास नव्हता. या वेळी मात्र मी दोन वर्षे दवडली नाहीत.