कारखाना वीज कशी विकत घेतो?

दहावीला आपण विजेचं बिल काढायला शिकवतो: किलोवॅट गुणिले तास, गुणिले दर. दर ठरलेला. पण एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला वीज कुणाकडून घ्यायची हे निवडता येतं, हे मुलांना सांगून बघा!

2003 च्या वीज कायद्याने ही वाट उघडली. मागणी 1 मेगावॅटच्या वर असेल, तर वितरण कंपनीच्याच तारांतून दुसऱ्याची वीज आणता येते. (हरित विजेसाठी 2022 पासून 100 किलोवॅट पुरतात.) कुणी सौरप्रकल्पाशी बरीच वर्षं चालेल असा करार करतो, कुणी वीज एक्सचेंजवर जातो. तिथे दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग पाडतात आणि उद्याच्या विजेची बोली आज लागते. भर दुपारी सौरवीज मुबलक, म्हणून भाव उतरतो, संध्याकाळी चढतो. अगदी भाजीमंडई, फक्त हा माल टोपलीत उरवता येत नाही.

खरी गोम पुढे आहे. बाजारातली स्वस्त वीज कारखान्याच्या दारात तेवढी स्वस्त राहत नाही. तारांचं भाडं लागतं; तुमच्या घरच्या बिलातला ‘वहन आकार’ बघा, हेच ते. वाटेतली गळती धरावी लागते. वर क्रॉस सबसिडी अधिभार. उद्योग जादा दर देतात, म्हणून शेतीपंपाला आणि कमी वापराच्या घरांना वीज स्वस्त पडते. मोठं गिऱ्हाईक निघून गेलं की ती तूट कोण भरणार? कारखानदाराला हा अधिभार बाहेर पडल्याचा दंड वाटतो, आणि त्याचंही अगदी चूक नाही. पण तो नसता, तर ती रक्कम तुमच्या-माझ्या बिलात आली असती.