मिरचीचं पान कुठल्या बाजूला वळलंय?

होळीच्या आसपास रायपुरातल्या गच्च्यांवर आणि परसबागांत मिरचीची पानं आकसायला लागतात. माणूस तडक औषधांच्या दुकानात जातो, 'पानं मुरडताहेत' एवढंच सांगतो आणि दुकानदार पांढऱ्या माशीची बाटली पुढे करतो. पंधरा दिवसांत झाड आणखी खंगतं, मग दुसरी बाटली येते, तिच्याबरोबर एखादं टॉनिकही येतं. दुकानदाराला दोष द्यावा तर त्याच्यासमोर झाड नसतंच, असतं ते एक मोघम वाक्य. टोमॅटो आणि मिरचीचं बिघडलेलं झाड आपल्याला काय झालंय ते बरंचसं उघड दाखवत असतं. ते न बघता केलेला खर्च नुसता वाया जात नाही, तो दुखणं वाढवतो, असं माझं म्हणणं आहे. या लेखात औषधांची यादी म्हणूनच नाही.

पान मुरडण्याचंच घ्या. शेतकरी ज्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात, त्या एका नावाखाली किमान तीन वेगळी दुखणी नांदतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. कडा खाली वळून तीच होडी पालथी झाली असेल, देठ लांबलेला आणि पान जाड, कडक लागत असेल, तर ते काम बहुधा कोळ्याचं. आणि पानं बारीक, पिवळट, शिरा जाड, शेंडा खुजा राहून सगळं झाड झुडपासारखं दाटलं असेल, तर तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणून सोडलेला. पडताळणी सोपी आहे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा दोन-चारदा झटकला की फुलकिडे कागदावर पडतात: पिवळसर, दोऱ्याच्या तुकड्याएवढे बारीक, लगबगीने सरकणारे. कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन कोवळ्या पानाची खालची बाजू बघावी लागते. टोमॅटोत एक चौथा प्रकारही असतो. खालची जुनी पानं वरच्या बाजूला गुंडाळली जातात, चामड्यासारखी होतात, पण शेंडा टवटवीत असतो आणि फळंही धरत असतात. हा उन्हाचा किंवा पाण्याच्या कमीजास्तीचा परिणाम, त्याला काहीही करायचं नसतं.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. कोळी आठ पायांचा, कीटकांच्या कुळातलाच नव्हे, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली की कोळ्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी बेसुमार वाढतो. म्हणजे चुकीच्या बाटलीने त्याची वाट मोकळी करून दिली. त्याच्यासाठी गंधकासारखं साधं औषध चालतं, पण तेही रायपूरच्या दुपारी फवारलं तर पानं करपतात. विषाणूचं दुखणं याहून अवघड. लागण झालेलं झाड बरं करणारं औषधच नाही. रोपं लहान असताना पांढरी माशी दूर ठेवणं एवढंच हातात असतं, आणि त्यासाठी वाफ्यावर पहिले 25-30 दिवस बारीक जाळीची नायलॉनची मच्छरदाणी बांधणं हे नंतरच्या फवारण्यांपेक्षा स्वस्त पडतं.

निदान न होण्याची किंमत 2020 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने मोजली. अकोले-संगमनेर पट्ट्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत टोमॅटोची फळं एकसारखी लाल होण्याऐवजी लाल-पिवळे-हिरवे डाग घेऊन येऊ लागली. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे हा विषाणू माणसालाही धोकादायक असल्याची आवई उठली आणि गिऱ्हाईक टोमॅटोकडे बघेना. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले, तेव्हा त्यात प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. झाडांचे विषाणू माणसाला बाधत नाहीत हे विज्ञानाला जुनंच माहीत होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने कामाचं होतं ते दुसरंच: हा विषाणू मावा पसरवतो. पांढऱ्या माशीमागे लागून तो आटोक्यात येणारा नव्हता.

पानांवरून आता मरीकडे, म्हणजे उभं झाड कोमेजून मरण्याकडे वळू. तिच्या बाबतीत रायपूरकरांना पायाखालच्या जमिनीकडे बघावंच लागतं. छत्तीसगढात जमिनीची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत: मुरमाड भाटा, पिवळट हलकी मटासी, मध्यम डोरसा आणि काळी चिकट कन्हार. भाट्यात पाणी ठरत नाही, कन्हारात ते हलत नाही. म्हणून भर दुपारी माना टाकलेलं टोमॅटोचं झाड भाट्यात तहानलेलं असेल, तर कन्हारात बुडत असेल. पहिल्याला पाणी द्यायचं, दुसऱ्याचं काढून द्यायचं. बोट दोन पेरं मातीत घातलं की एवढं कळतं. माती ओलसर असून संध्याकाळीही झाड सावरत नसेल, पानं हिरवी असतानाच ते दोन-तीन दिवसांत कोलमडलं असेल, तर जिवाणूजन्य मरीचा संशय धरावा. त्याची परीक्षा घरात होते. बुंध्याजवळचा खोडाचा वीतभर तुकडा धारदार सुरीने कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून धरायचं, हात हलू द्यायचा नाही. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले, तर तो जिवाणू आहे. धागे आले नाहीत, खालची पानं आधी आणि बऱ्याचदा एकाच बाजूने पिवळी पडली असतील, खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसत असेल, तर ती बुरशीची मर. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी.

जिवाणूची मर ठरली की फवारणीचा विषय संपतो, कारण शत्रू मातीत आहे. वांगं, बटाटा, मिरची, टोमॅटो ही सगळी एकाच कुळातली, तेव्हा त्या जागी यातलं काहीही पुन्हा लावू नये. इथे धानाच्या मुलखाला एक फायदा आहे: काही महिने पाण्याखाली राहिलेल्या भाताच्या बांधीत हा जिवाणू कमी होतो, म्हणून भातानंतरचा टोमॅटो ही फेरपालट चांगली. दुसरा उपाय कलमाचा. मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधायचं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने ही पद्धत रुजवली आणि रायपूर-दुर्ग भागात अशी कलमी रोपं आता विकत मिळतात. रोप महाग पडतं, पण लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला, तरच पैसे वसूल होतात. सांधा गाडला की टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि मर तिथून शिरते.

उरलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच रोगच नसतात. एप्रिलमध्ये फुलं गळतात आणि लोक संप्रेरकं आणतात. दिवसा 35 आणि रात्री 25 अंशांच्या वर टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत, आणि त्या दिवसांत रायपूरचा पारा 40 ला टेकलेला असतो. सावलीची जाळी आणि संध्याकाळचं पाणी झाड जगवेल, फळ धरवेलच असं नाही. फळ पिवळट-नारिंगी राहतं तेही उष्णतेनेच, कारण तांबडा रंग देणारं लायकोपीन 30-32 अंशांच्या वर नीट तयार होत नाही. फळाचं बूड काळं पडून खोलगट होतं तेव्हा कॅल्शियम कमी पडलेलं असतं, पण ते फळात, मातीत नव्हे. कन्हारात चुनखडीचे खडे असूनही हे होतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी कधी धो धो, कधी अजिबात नाही असं मिळालं तर फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. थोडं थोडं नियमित पाणी आणि आळ्यात भाताच्या पेंढ्याचं आच्छादन, एवढ्याने पुढची फळं नितळ येतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एकरभर टोमॅटो असलेल्या शेतकऱ्याला भिंग घेऊन पानं चाळायला वेळ कुठला, आणि थांबण्यात पीक गेलं तर? पण शेतभर फिरून वीसेक झाडांचे शेंडे बघायला तासभर लागतो, आणि एका अनाठायी फवारणीचा खर्च त्या तासाच्या मजुरीहून खचितच जास्त असतो. 'फवारल्यावर झाड सुधारलं की' हा दुसरा युक्तिवाद जास्त फसवा. हवा बदलली, ऊन उतरलं, पाऊस पडला तरी झाड सुधारतं. खरं-खोटं करायचं तर दोन झाडं न फवारता ठेवावीत. तीही सुधारली तर बाटलीचं श्रेय काढून घ्यावं. घरगुती बागवाले म्हणतात, आम्ही रसायन वापरतच नाही, फक्त निंबोळी तेल. निंबोळी तेल चांगलंच आहे, पण बुडलेल्या मुळांवर किंवा काळ्या बुडाच्या फळावर त्याचाही उपयोग शून्य. सेंद्रिय म्हणून अंदाजाने मारलेलं औषध अचूक ठरत नाही.

आणि सगळं बघूनही उलगडा झाला नाही, तर विचारायला जाताना एखादं तोडलेलं पान किंवा मोबाइलमधला धूसर फोटो नेऊ नये. रायपुरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, महाराष्ट्रात जवळचं कृषी विज्ञान केंद्र असेल. तिथे आजारी झाड मुळांसकट, मातीच्या गोळ्यासह उपटून न्यावं, सोबत त्याच वाफ्यातलं एक निरोगी झाड न्यावं, आणि शेवटचं पाणी कधी दिलं, काय फवारलं ते चिठ्ठीवर लिहून ठेवावं.