पॅडला काळी पिशवी का? कोटेक्सची 100 वर्षांची गोष्ट

मेडिकलमध्ये पॅडचं पाकीट मागा. दुकानदार न सांगता ते कागदात गुंडाळणार आणि वर काळी पिशवी देणार. बिस्किटाच्या पुड्याचे असे लाड कोणी करत नाही! मग ही लपवालपवी आली कुठून? आपल्याकडे तिला जुन्या रूढी आहेतच. पण पॅड विकणाऱ्या कंपन्यांनीही तिला हातभार लावलाय. त्यासाठी आज आपण जातोय अमेरिकेत.

विस्कॉन्सिन राज्यात किंबर्ली-क्लार्क नावाची कागद बनवणारी कंपनी होती, 1872 साली सुरू झालेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा मऊ पदार्थ तयार केला. नाव सेल्युकॉटन. तो कापसापेक्षा कितीतरी जास्त द्रव शोषून घ्यायचा आणि स्वस्तही पडायचा. युद्धात कापसाची टंचाई होती, त्यामुळे जखमी सैनिकांच्या मलमपट्टीसाठी सेल्युकॉटन धडाधड खपू लागलं.

आता गंमत बघा. आघाडीवरच्या नर्सेसनी हेच सेल्युकॉटन पाळीच्या दिवसांत वापरायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, जाहिरात नव्हती. गरज त्यांची, डोकंही त्यांचंच!

1918 मध्ये युद्ध संपलं आणि लष्कराची मागणी थांबली. आता एवढ्या मालाचं करायचं काय? तेव्हा नर्सेसची ही युक्ती कंपनीच्या कामी आली. 1920 मध्ये पॅड बाजारात आलं. नाव कोटेक्स, म्हणजे 'कॉटन' आणि 'टेक्स्चर' या शब्दांची जोडणी. नावात पाळीचा मागमूसही नाही, लक्षात आलं ना?

एवढंच कशाला, कंपनीने स्वतःचं नावही लपवलं! पॅड विकायला 'इंटरनॅशनल सेल्युकॉटन प्रॉडक्ट्स' अशी वेगळी कंपनी काढली.

खरी अडचण होती काउंटरवर. जॉन्सन अँड जॉन्सनने 1890 च्या दशकातच तयार पॅड आणलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. कारण जाहिरात करायची चोरी, आणि पुरुष दुकानदाराकडे मागायचं कसं? कोटेक्सने यावर तोडगा काढला. पाकिटं साध्या कागदात गुंडाळून काउंटरवर रचून ठेवायची, शेजारी पैशांसाठी डबा. बाईने पैसे टाकायचे, पाकीट उचलायचं आणि निघायचं. एक शब्दही बोलायचा नाही.

खप वाढला. लाखो बायकांची कापडाच्या घड्या धुण्या-वाळवण्यातून सुटका झाली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्या डब्याने संकोच मोडला नाही, फक्त त्याला वळसा घातला.

संकोच किती खोल होता? 1928 मध्ये कोटेक्सच्या जाहिरातीत ली मिलर या मॉडेलचा फोटो झळकला. अशा जाहिरातीत खऱ्या, ओळखू येणाऱ्या बाईचा हा पहिला फोटो मानला जातो. त्यावर गदारोळ झाला. आणि तो फोटो यासाठी वापरला जाणार याची तिला कल्पनाच नव्हती!

1946 मध्ये याच कंपनीच्या पैशांतून डिस्नेने शाळांसाठी पाळीवर छोटी ॲनिमेशन फिल्म बनवली. अनेक मुलींना पाळीची शास्त्रीय माहिती पहिल्यांदा तिथेच मिळाली. चांगलंच झालं. पण फिल्मबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कोटेक्सचा प्रचारही होता. आणि फिल्ममध्ये रक्ताचा रंग? पांढरा!

आपल्याकडे कोटेक्स आलं ते 1994 मध्ये स्थापन झालेल्या किंबर्ली-क्लार्क लिव्हर या कंपनीमार्फत. हिंदुस्थान लिव्हरबरोबरच्या भागीदारीतली ही कंपनी होती पुण्याची. पुढे 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा पॅडवर 12 टक्के कर लागला. मग बायका बोलल्या, मोहिमा झाल्या, प्रकरण कोर्टातही गेलं. जुलै 2018 मध्ये तो कर शून्यावर आला. गप्प राहून हे झालं असतं?

तो काउंटरवरचा डबा त्या काळी सोय होती. आजची काळी पिशवी मात्र नुसती सवय आहे, आणि सवय मोडता येते. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये एवढंच म्हणा, "काका, पिशवी नको." मुलांनो, बहिणीसाठी पॅड आणायला गेलात तर तुम्हीही म्हणा.

काका काय म्हणाले, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!