शाळा सुरू झाली, पण आई मोकळी झाली का?

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की अनेक घरांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मूल लहान असताना आईने नोकरी सोडलेली असते आणि ‘शाळेत जाऊ लागले की पुन्हा पाहू’ असे तेव्हा ठरलेले असते. ती वेळ आली की सल्ले दोन्ही बाजूंनी येऊ लागतात. आता घरी बसून काय करणार, असे कोणी म्हणते. तर खरी गरज आताच आहे, अभ्यास कोण घेणार, असे कोणी विचारते. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : मुलाच्या वेळेचा हिशेब एकट्या आईने द्यायचा. निर्णय अवघड होतो तो या गृहीतकामुळे.

नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. येथील औष्णिक वीजनिर्मिती केंद्र १९७० च्या दशकात उभे राहिले आणि त्यासोबत कर्मचाऱ्यांची वसाहतही आली. वीजनिर्मिती रात्री थांबत नाही, म्हणून काम तीन पाळ्यांत चालते. शिवाय कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस अशी महानिर्मितीची केंद्रे राज्यभर पसरलेली आहेत. पतीची बदली झाली की घर हलते आणि पत्नीची नोकरी मागे राहते. नव्या गावी काम शोधावे, तर तोवर मूल लहान असते. अशा रीतीने शिक्षिका, लेखनिक किंवा प्रयोगशाळा सहायक म्हणून काम केलेली स्त्री काही वर्षांत केवळ ‘गृहिणी’ म्हणून ओळखली जाऊ लागते. हे तिने ठरवून केलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते घडत गेलेले असते.

चार तासांची शाळा

मूल शाळेत गेले म्हणजे आईचा दिवस मोकळा झाला, ही समजूत आकड्यांच्या कसोटीला उतरत नाही. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठरवले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पूर्णवेळ नोकरीत रोज आठ तास आणि वर्षाचे सुमारे तीनशे दिवस धरले, तर २४०० तास होतात. शाळेची किमान वेळ त्याच्या केवळ एकतृतीयांश भरते. बालवर्ग तर बहुतेक ठिकाणी याहून कमी वेळ चालतो. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी, पालकसभा आणि मुलाचे आजारपण ही जमेस धरली, तर तफावत आणखी वाढते.

त्यात वेळांचा मेळ बसत नाही. मुलांची झोप पुरी व्हावी या हेतूने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. मुलांच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु एकलहऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेळेवर पोहोचायचे असेल, तर आईला मुलाच्या शाळेची घंटा होण्यापूर्वीच घर सोडावे लागते. संध्याकाळीही तेवढेच अंतर परत कापायचे असते.

कायद्याचा आधारही नेमका याच टप्प्यावर विरळ होतो. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. पुढे या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. परंतु अंगणवाडीप्रमाणेच पाळणाघराची व्यवस्थाही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. सहाव्या वर्षी मूल पहिलीत जाते आणि व्यवस्थेच्या लेखी त्याची सोय झालेली असते. प्रत्यक्षात दुपारी शाळा सुटल्यानंतरचे मूल कोणाच्याच जबाबदारीत मोडत नाही. मग ते आजी-आजोबांकडे, शेजारी किंवा शिकवणीच्या वर्गात जाते. नाहीतर आई नोकरी करत नाही.

दुपार कोणाची?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे पहिल्या सर्वेक्षणात दिसले. दुसऱ्यात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, परंतु पुरुषांचा वाटा वाढला नाही. नोकरीवर परतणाऱ्या स्त्रीला या सुमारे पाच तासांच्या कामावर आणखी आठ तास चढवावे लागणार असतील, तर तिने नकार दिला यात आश्चर्य नाही. १५ वर्षे व त्यावरील शहरी स्त्रियांपैकी केवळ २८ टक्के स्त्रिया काम करत होत्या किंवा कामाच्या शोधात होत्या, असे २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात आढळले. त्याचे एक कारण येथे शोधावे लागते.

मात्र पाळ्यांत चालणाऱ्या कामाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या पाळीचा कर्मचारी दुपारनंतर घरी असतो आणि दुसऱ्या पाळीचा सकाळी. कार्यालयात जाणाऱ्या पित्याला जे अशक्य असते, ते पाळीवर जाणाऱ्या पित्याला काही आठवडे तरी शक्य असते : मुलाला शाळेतून आणणे, जेवू घालणे, गृहपाठाला बसवणे. रात्रपाळीनंतर त्याला झोप हवी, हे खरेच. परंतु पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावून त्यानुसार दुपार वाटून घेणे आणि दुपार आईचीच आहे असे धरून चालणे, यांत मोठा फरक आहे.

हिशेब कसा मांडावा

घरोघरी हिशेब साधारणपणे असा मांडला जातो : आईला पगार एवढा मिळणार, त्यातून पाळणाघर, रिक्षा आणि स्वयंपाकाच्या बाईंचे पैसे जाणार, मग हाती उरणार काय? या हिशेबात दोन चुका आहेत. मूल दोघांचे असताना त्याच्या सांभाळाचा खर्च एकट्या आईच्या पगारातून वजा केला जातो, ही पहिली. दुसरी चूक म्हणजे आजचा पगार पाहिला जातो, पुढची वीस-पंचवीस वर्षे पाहिली जात नाहीत. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे, पुरुषांची मात्र न घटल्याचे आढळले. पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या देशातील ही स्थिती आहे.

निवृत्तिवेतनाचा नियमही लक्षात घ्यावा असा आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते. सहा वर्षे नोकरी करून घरी बसलेल्या स्त्रीने ती रक्कम काढून घेतली, तर त्या सहा वर्षांची सेवा संपते. तिने योजना प्रमाणपत्र घेतले असेल, तर पुढे चार वर्षे नोकरी करूनही दहा वर्षे पुरी होऊ शकतात. नोकरी सोडताना हा नियम माहीत असणे आणि नसणे यांत म्हातारपणच्या आधाराचा फरक पडतो.

आई कामावर गेल्याने मुलाचे नुकसान होईल, ही भीती मात्र पैशांच्या हिशेबाने जात नाही. या प्रश्नावर अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. मूल दिवसा आईपाशी होते की इतरांपाशी, यापेक्षा घरातील वातावरण आणि पालकांची संवेदनशीलता यांचा मुलाच्या वाढीशी अधिक निकटचा संबंध दिसला. सांभाळणाऱ्याची गुणवत्ताही महत्त्वाची ठरली. आईने कामावर जावेच, असा याचा अर्थ होत नाही. पण निव्वळ अपराधभावनेतून घरी थांबण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

परतीची तयारी

पहिलीचे पहिले वर्ष हे पूर्णवेळ नोकरी सुरू करण्यास सोयीचे वर्ष असतेच असे नाही. नवी शाळा, नवे मित्र आणि वारंवार येणारी सर्दी-तापाची आजारपणे यांत ते जाते. म्हणून तयारी आधीच सुरू व्हावी. नाशिकमध्येच १९८९ पासून असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे घर सांभाळून पदवी पुरी करण्याचा मार्ग खुला आहे. विज्ञान शाखेतील खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खास योजना सुरू केली, तर टाटा समूहाने २००८ मध्ये अशा स्त्रियांसाठी दुसऱ्या कारकिर्दीचा उपक्रम आणला. नोकरीतील खंड म्हणजे अपात्रता नव्हे, हे त्यांतून मान्य झाले. तरीही अशी दारे थोडी आहेत. अर्धवेळ परंतु हक्कांसह मिळणारे काम आणि शाळेच्याच आवारात दुपारचे सांभाळकेंद्र, या दोन गोष्टींनी जे साधेल ते हजार सल्ल्यांनी साधणार नाही.

विचारपूर्वक घरी राहण्याचा निर्णयही तितकाच सन्मान्य आहे. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्या मोलाचा हिशेब मृत्यूनंतर न्यायालयात होण्याऐवजी जिवंतपणी घरात व्हायला हवा. घरी राहणाऱ्या स्त्रीच्या नावे नियमित बचत, विमा आणि घराच्या मालकीत तिचे नाव, या त्याच्या साध्या खुणा आहेत.

तेव्हा ‘आईने परतावे का’ या प्रश्नाआधी ‘दुपारी मूल कोणापाशी असेल’ या प्रश्नाचे उत्तर घराने, मालकाने आणि शासनाने मिळून द्यायला हवे. ते मिळाल्यावर परतायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे.